जीपच्या पोटाखालचा शास्त्रज्ञ : रॉबर्ट हूक

तुम्ही कधी जीपच्या खाली शिरला आहात का? मेकॅनिकलच्या वर्गात हा प्रश्न विचारला तर निम्मे हात वर होतील. त्यातले खरे किती आणि फुशारकीचे किती, ते देव जाणे! मी मात्र गेल्या पावसाळ्यापर्यंत एकदाही शिरले नव्हते. आणि शिरले तेव्हा खाली मला तीनशे वर्षांपूर्वी वारलेला एक माणूस भेटला. त्याचीच ही गोष्ट आहे. (माझी शाळा कॉन्व्हेंटची, मराठी शंभर मार्कांपुरतं. तेव्हा ऱ्हस्व-दीर्घाची चूकभूल द्यावी घ्यावी!)

आगाशीला माझ्या मामांची वाडी आहे. केळी, अळू, थोडा भाजीपाला. त्यांच्याकडे महिंद्राची जुनी एमएम ५४० जीप आहे, फोर व्हील ड्राइव्ह. वयाने ती माझ्यापेक्षा मोठी. वाडीतला माल विरारला न्यायला ती, आणि अर्नाळ्याच्या किनाऱ्यावर कुणाची गाडी वाळूत रुतली की ओढायलाही तीच. पावसाळ्यात आपल्याकडे पाणी कसं साचतं ते वसई-विरारकरांना सांगायला नको. गेल्या वर्षी चार दिवस ती गुडघाभर पाण्यातून फिरली. मग क्लच सोडला की खालून टण्ण असा आवाज यायला लागला. मामांनी ऐकताक्षणी सांगितलं, क्रॉस गेला.

क्रॉस म्हणजे प्रोपेलर शाफ्टच्या टोकाला असलेला युनिव्हर्सल जॉइंट. गिअरबॉक्समधून निघालेली ताकद मागच्या-पुढच्या अ‍ॅक्सलपर्यंत न्यायचं काम प्रोपेलर शाफ्टचं. पण अ‍ॅक्सल बसलेला असतो कमानींवर, तो सतत खाली-वर होतो. म्हणून शाफ्टला फिरता फिरता वाकताही आलं पाहिजे. दोन काटे एकमेकांना काटकोनात धरायचे आणि मधे अधिक चिन्हाच्या आकाराचा लोखंडी क्रॉस बसवायचा. झाला जॉइंट! फोर व्हील जीपमध्ये असे दोन शाफ्ट आणि चार क्रॉस.

एका गॅरेजमध्ये क्रॉस बदलून घेतला. टण्ण आवाज थांबला, पण चाळीसच्या वर गेलं की सगळी जीप घुमायला लागली. सीटखालून गुणगुण, आरसा थरथरतोय. मेकॅनिक आधी म्हणाला टायर बघा, मग म्हणाला इंजिनाचं माउंटिंग, शेवटी म्हणाला गाडीच जुनी झाली. तीन फेऱ्या झाल्या. नेमका त्याच सेमिस्टरला आम्हाला टीओएम होता. म्हणजे थिअरी ऑफ मशीन्स, ज्यात हूक्स जॉइंटचं डेरिव्हेशन असतं. ते मी तोंडपाठ केलं होतं, समजलं होतं असं छातीठोक सांगणार नाही. पण त्या रविवारी टॉर्च घेऊन मी जीपखाली शिरले आणि बघितलं. शाफ्टवर आणि स्लिप जॉइंटवर बाणाच्या खुणा असतात, त्या समोरासमोर नव्हत्या. शाफ्टच्या दोन टोकांचे काटे एका रेषेत हवेत, ते पिळल्यासारखे तिरके बसले होते.

मी हे गॅरेजमध्ये जाऊन सांगितलं. त्यांनी माझ्याकडे न बघता मामांना सांगितलं की पुस्तकातलं वेगळं असतं. राग आला, पण बोलले नाही. घरी येऊन मी आणि मामांनी चाकांना ओंडके लावले, शाफ्ट सोडवला, स्लिप जॉइंट बाहेर ओढला, बाण जुळवून परत बसवला आणि बोल्ट आवळले. अर्नाळा रस्त्यावर जीप चाळीसला नेली, मग पन्नासला. आरसा स्थिर! मामांनी काही न बोलता माझ्या हातात घट्ट चहाचा ग्लास दिला. आमच्याकडे तेच मेडल.

रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. हूक्स जॉइंट. मग आठवलं, फर्स्ट इयरला हूक्स लॉ होता. आणि शाळेत बायोलॉजीमध्ये पेशीचा शोध लावणारा एक हूक होता. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे तीन वेगवेगळे हूक असणार. पण माणूस एकच! आणि त्याचं चित्र शोधायला गेले, तर जगात त्याचं एकही अस्सल चित्र नाही. मग मी त्याच्या मागेच लागले.

रॉबर्ट हूकचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला आइल ऑफ वाइट नावाच्या बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील तिथल्या चर्चमध्ये धर्मोपदेशक. मुलगा अशक्त, सतत डोकेदुखी. त्यामुळे शाळा कमी आणि घरात एकट्याचे उद्योग जास्त. एकदा कुणीतरी पितळी घड्याळ उघडताना त्याने पाहिलं आणि घरी येऊन तसंच लाकडाचं बनवलं. चालणारं! खेळण्यातलं एक जहाज केलं, त्यावरच्या तोफाही उडत.

तो तेरा वर्षांचा असताना, १६४८ मध्ये वडील गेले. थोडेसे पैसे घेऊन तो लंडनला आला. आधी पीटर लेली या नामवंत चित्रकाराकडे शिकायला राहिला, पण रंगांच्या वासाने डोकं दुखायचं. तिथून वेस्टमिन्स्टर शाळेत गेला, डॉ. बस्बी यांच्या हाताखाली. युक्लिडच्या भूमितीची पहिली सहा पुस्तकं त्याने एका आठवड्यात संपवली असं सांगतात. (आम्हाला एक युनिट संपवायला पीएल लागते!) सोळाव्या वर्षाच्या सुमारास त्याची पाठ वाकायला लागली आणि ती आयुष्यभर वाकलेलीच राहिली. त्याला स्वतःला वाटायचं की लेथवर तासन् तास वाकून काम केल्यामुळे असं झालं.

१६५३ मध्ये तो ऑक्सफर्डला गेला. श्रीमंतांच्या मुलांची कामं करून शिकणाऱ्यांपैकी तो एक. तिथे रॉबर्ट बॉइलने त्याला मदतनीस म्हणून घेतलं. बॉइलकडे पैसा होता, कल्पना होत्या. पण हवा काढून घेणारा पंप त्याच्यासाठी बांधला तो हूकने. पुढे बॉइलचा जो नियम आपण शिकतो, त्यामागच्या प्रयोगांत हूकचे हात होते. नियमावर नाव बॉइलचं. ही हूकच्या आयुष्यातली सुरुवात होती, आणि पुढे पुन्हा पुन्हा असंच होत गेलं.

१६६२ मध्ये नव्याने स्थापन झालेल्या रॉयल सोसायटीने त्याला क्युरेटर ऑफ एक्सपेरिमेंट्स नेमलं. काम काय, तर सोसायटीच्या प्रत्येक साप्ताहिक बैठकीत तीन-चार नवीन प्रयोग करून दाखवायचे. दर आठवड्याला! सुरुवातीला पगारही नव्हता. सर जॉन कटलर नावाच्या श्रीमंत व्यापाऱ्याने वर्षाला पन्नास पौंड देण्याचं कबूल करून व्याख्यानं ठेवली, पण पैसे द्यायचं टाळलं. ते मिळवायला हूकला कोर्टात जावं लागलं आणि निकाल त्याच्या बाजूने लागला तेव्हा १६९६ साल उजाडलं होतं.

१६६५ मध्ये त्याचं मायक्रोग्राफिया हे पुस्तक निघालं. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणारं जग त्याने स्वतः काढलेल्या चित्रांतून दाखवलं. त्यातली पिसू एवढी मोठी की पान उलगडून बघावी लागते. बुचाच्या कापात त्याला बारीक बारीक कप्पे दिसले, त्यांना त्याने सेल म्हटलं. तो शब्द अजून चालू आहे. लेलीकडचे ते थोडे दिवस असे उपयोगी पडले म्हणायचे.

पुढच्याच वर्षी, सप्टेंबर १६६६ मध्ये लंडनला प्रचंड आग लागली आणि सुमारे तेरा हजार घरं जळाली. शहर पुन्हा उभं करायला जे सर्व्हेयर नेमले त्यात हूक होता. जळलेल्या जागेत कुणाची हद्द कुठे होती हे ठरवायचं, खुंट्या ठोकायच्या, शेजाऱ्यांची भांडणं मिटवायची. ज्यांच्या घरी जमिनीची मोजणी झाली आहे त्यांना कळेल हे काम किती डोकेदुखीचं! हूकने ते वर्षानुवर्षं केलं, सकाळी मोजणी आणि संध्याकाळी सोसायटीचे प्रयोग. आगीचं स्मारक म्हणून उभारलेला २०२ फूट उंच मॉन्युमेंट हा खांब त्याने आणि ख्रिस्तोफर रेन यांनी मिळून केला. तो आतून पोकळ ठेवला, कारण हूकला त्याचा उभा टेलिस्कोप करायचा होता. पण रस्त्यावरच्या गाड्यांच्या हादऱ्यांनी ते जमलं नाही. कंपनाचा त्रास मामांच्या जीपलाच होता असं नाही!

आता आपला जॉइंट. एकात एक बसवलेल्या कड्यांची कल्पना तशी जुनी आहे. इटलीतल्या कार्डानोच्या नावाने युरोपात अजून त्याला कार्डान जॉइंट म्हणतात. १६६४ मध्ये गास्पार शॉट याने अशा जॉइंटचं वर्णन छापलं, पण दोन्ही शाफ्ट एकाच वेगाने फिरतात असं त्याने धरलं. इथेच चूक होती. हूकने बारकाईने पाहिलं आणि त्याच्या लक्षात आलं की पहिला शाफ्ट एकसारख्या वेगाने फिरवला तरी दुसरा एका फेऱ्यात दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. १६७६ च्या त्याच्या पुस्तकात हा जॉइंट आला. विषय होता हेलिओस्कोप, म्हणजे डोळ्यांना इजा न होता सूर्य बघायचं साधन. जॉइंटला युनिव्हर्सल हे नावही त्याचंच.

आकड्यात सांगते. दोन शाफ्टमधला कोन १५ अंश असेल आणि पहिला मिनिटाला १००० फेरे फिरत असेल, तर दुसऱ्याचा वेग साधारण ९६६ ते १०३५ च्या मधे खाली-वर होत राहतो. कोन वाढला की फरक वाढतो. दुसरा कोणी असता तर हा दोष म्हणून सोडून दिला असता. पण हूकच्या लक्षात आलं की तिरक्या तबकडीवर सूर्याची सावली जशी कमी-जास्त वेगाने सरकते, त्याला हेच गणित लागू पडतं. म्हणून त्याने जॉइंटचा उपयोग सावलीच्या घड्याळासाठी सुचवला. आणि जिथे वेग सारखा हवा तिथे दोन जॉइंट लावायचे, म्हणजे एकाने केलेली गडबड दुसरा निस्तरतो, हेही त्याने सांगून ठेवलं. अट एवढीच की मधल्या शाफ्टच्या दोन्ही टोकांचे काटे एका रेषेत हवेत आणि दोन्हीकडचे कोन सारखे हवेत. बाण जुळवायचे ते यासाठी. गॅरेजमध्ये दोन-तीन दाते चुकले आणि दुसरा जॉइंट गडबड निस्तरण्याऐवजी तिच्यात भर घालत बसला.

दोनशेहून अधिक वर्षांनी मोटारी आल्या. अमेरिकेत क्लॅरेन्स स्पायसर या कॉर्नेल विद्यापीठात शिकणाऱ्या तरुणाने आवाज करणाऱ्या साखळीऐवजी शाफ्ट आणि युनिव्हर्सल जॉइंट वापरायचं ठरवलं. वंगण आत टिकावं म्हणून जॉइंटला आवरण घातलं आणि १९०३ मध्ये पेटंट मिळवलं. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपखाली असेच जॉइंट होते. स्वातंत्र्यानंतर महिंद्राने त्या जीपची जुळणी आपल्या मुंबईत, माझगावला सुरू केली. म्हणजे हूकच्या टेबलावरून आगाशीच्या वाडीपर्यंतचा रस्ता असा आहे.

हूकची दुसरी एक गोष्टही त्याच जीपखाली आहे. कमानी! ताण जेवढा, वाढ तेवढी, हा त्याचा नियम. पण तो त्याने जाहीर कसा केला? १६७६ मध्ये त्याने त्या लॅटिन वाक्यातली अक्षरं नुसती ए-बी-सीच्या क्रमाने छापली, कोडं म्हणून. उत्तर दिलं दोन वर्षांनी, १६७८ मध्ये. कुणी आपली कल्पना चोरू नये आणि शोध मात्र आपल्या नावावर राहावा, म्हणून हा उपद्व्याप. तेव्हा असं करणारे इतरही होते, पण हूकला त्याची सवयच लागली होती.

आणि तीच सवय त्याला भोवली. १६७५ मध्ये डच शास्त्रज्ञ हायगेन्सने स्प्रिंगने चाल नियमित राखणारं घड्याळ जाहीर केलं. हूक संतापला, कारण ही कल्पना आपली पंधरा वर्षांपूर्वीची आहे असं त्याचं म्हणणं. पण पूर्ण करून जगासमोर ठेवलं होतं कुठे? पुढे न्यूटनशी भांडण झालं. १६७२ मध्ये प्रकाशावरून पहिली ठिणगी पडली. १६७९ मध्ये दोघांचा पत्रव्यवहार सुरू झाला. ग्रह सरळ रेषेत जाऊ पाहतो आणि सूर्य त्याला आपल्याकडे ओढतो, या दोन्हींतून त्याची कक्षा तयार होते, ही मांडणी हूकने न्यूटनला कळवली. अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात ओढ कमी होते, हेही कळवलं. १६८७ मध्ये न्यूटनचा प्रिन्सिपिया छापला गेला. हूकने श्रेय मागितलं, न्यूटनने चिडून पुस्तकातले हूकचे उल्लेख कमी केले.

इथे मी कोणाच्या बाजूने? खरं सांगायचं तर आधी मी पूर्ण हूकच्या बाजूने होते. (गॅरेजमधला राग!) पण विचार केल्यावर वाटलं, अंदाज हूकचा बरोबर होता, मात्र त्या अंदाजावरून कक्षा गणिताने सिद्ध करणं न्यूटनला जमलं, हूकला नाही. हूककडे कल्पनांचा महापूर होता आणि प्रत्येक आठवड्याला पुढचे प्रयोग उभे करायचे होते. एक धरून शेवटाला न्यायला त्याला वेळही नव्हता आणि धीरही. पण न्यूटनने दोन ओळी उदारपणे लिहिल्या असत्या तर त्याचं काही कमी झालं नसतं, हेही तितकंच खरं.

त्याच १६८७ साली हूकची पुतणी ग्रेस वारली. ती त्याचं घर सांभाळायची. त्यानंतर तो खचला, एकलकोंडा झाला, संशयी झाला. शेवटी डोळे जवळजवळ गेले, पाय सुजले. ३ मार्च १७०३ रोजी लंडनच्या ग्रेशम कॉलेजमधल्या खोलीत त्याचा मृत्यू झाला. इतक्या काटकसरीत राहिलेल्या माणसाच्या पेटीत हजारो पौंड सापडले. सोसायटीसाठी इमारत बांधावी असं त्याच्या मनात होतं, पण मृत्युपत्र पूर्ण केलं नव्हतं. तेही अर्धवटच राहिलं! त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचा अध्यक्ष झाला. पुढे १७१० मध्ये सोसायटीने जागा बदलली. हूकचं चित्र तेव्हा हरवलं असं म्हणतात, काही जण न्यूटनवर आरोपही करतात, पण त्याला पुरावा नाही. त्याची नेमकी कबरही आज दाखवता येत नाही.

२००६ मध्ये इंग्लंडमधल्या एका घरात हूकच्या हस्ताक्षरातली शेकडो पानं कपाटात सापडली, त्यात सोसायटीच्या बैठकांच्या नोंदी होत्या. रॉयल सोसायटीने सुमारे दहा लाख पौंड उभे करून ती मिळवली. ज्याला हयातीत पगार वेळेवर मिळाला नाही, त्याच्या कागदांना ही किंमत!

या सगळ्यातून मी काय शिकले? एक म्हणजे, काम पूर्ण करा आणि स्वच्छ लिहून ठेवा, कोड्यात नको. प्रोजेक्टची लॉगबुक सबमिशनच्या आदल्या रात्री भरणाऱ्यांनी (मी धरून) हे मनावर घ्यावं. दुसरं, शोध एकदा लागतो, पण तो चालू ठेवायला कुणीतरी नेमाने खाली शिरावं लागतं. क्रॉसच्या चारही टोकांना टोप्या असतात आणि त्यात सुईसारखे बारीक रोलर. ते पूर्ण गोल फिरत नाहीत, जागच्या जागी थोडे हलतात. त्यामुळे ग्रीस संपलं की एकाच जागी घासून खड्डे पडतात. टोपीजवळ तांबूस पूड दिसली की समजायचं, आत कोरडं आहे, गंज चढतोय.

म्हणून आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी मी आगाशीला असते. जीप सपाट जागेवर, इंजिन बंद, चाकांना ओंडके, गिअर न्यूट्रल. शाफ्ट आणि काटा हाताने उलटसुलट पिळून बघायचे, जराही खेळ लागला तर क्रॉस बदलायचा. निपल फडक्याने पुसायचं, नाहीतर वाळू आत जाते. मग चांगलं लिथियम ग्रीस गनने हळूहळू भरायचं. चारही टोप्यांतून जुनं काळं ग्रीस निघून नवीन दिसेपर्यंत. एका टोपीतून आलं नाही तर तिथे वाट बुजली आहे, ती दुर्लक्षून चालत नाही. स्लिप जॉइंटला मात्र बेताने, जास्त दाबलं तर सील फाटतं. पाण्यातून गाडी गेली की महिन्याची वाट बघायची नाही, त्याच दिवशी भरायचं. आणि शाफ्ट सोडवायच्या आधी खडूने नाही, पक्क्या रंगाने खूण करायची!

पहिल्यांदा मामा शेजारी बसून बघायचे. आता ते केळीत पाणी सोडायला निघून जातात. मी एकटी खाली असते, टॉर्च दातात, हात कोपरापर्यंत काळे. शाफ्ट थोडा फिरवला की दोन्ही बाण समोर येतात. हूकचा चेहरा कुणाला माहीत नाही, पण मला त्याची ओळख तिथे पटते. पुढच्या वेळी टीओएमच्या पेपरात त्याच्यावर प्रश्न आला, तर पाच मार्कांचं लिहून झाल्यावर क्षणभर त्या वाकलेल्या पाठीच्या माणसाची आठवण जरूर काढा. आणि घरी जुनी जीप असेल तर आज जाऊन खाली बघा. बाण जुळलेत ना?